पाण्याखाली एकच काम असतं

स्कूबा डायव्हिंगने ताण जातो असं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निळंशार पाणी, निरव शांतता आणि त्यात अलगद तरंगणारा एखादा माणूस असं चित्र येतं. निळंशार पाणी ठीक आहे, पण निरव शांतता हे काही खरं नाही. खाली भरपूर आवाज असतो. श्वास आत घेतला की रेग्युलेटरची, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या उपकरणाची, घरघर, बाहेर सोडला की बुडबुडे कानाला घासून वर जातात त्यांचा गडगडाट, आणि प्रवाळाजवळ असाल तर चारही बाजूंनी सतत चाललेली बारीक तडतड. ही तडतड पिस्तूल कोळंबीची असते. जेमतेम बोटाएवढा प्राणी, पण आपला मोठा नांगा इतक्या झटक्यात मिटतो की पाण्यात एक बुडबुडा तयार होतो आणि तो फुटतो त्याचा हा आवाज, आणि अशा असंख्य कोळंब्या एकाच वेळी कामाला लागलेल्या असतात. त्यात भर म्हणजे पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, त्यामुळे तो दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पोचतो आणि डावीकडून आला की उजवीकडून हे मेंदूला नीट ठरवताच येत नाही. सगळं आपल्याच डोक्याच्या आत चाललंय असं वाटतं.

म्हणजे शांतता नसते. तरीही वर आल्यावर जो हलकेपणा येतो तो अगदी खरा असतो आणि तो नेमका कुठून येतो यावर मी बऱ्याच वेळा विचार केलाय. आता माझं मत असं झालंय की खाली माणसाला एकच काम असतं आणि ते काम बाजूला ठेवता येत नाही, हलकेपणा येतो तो तिथून. श्वास घ्यायचा, सोडायचा, परत घ्यायचा. मासे, प्रवाळ, रंग, सूर्याचे तिरके किरण हे सगळं सुंदर आहे, पण ते नंतर.

आधी ताणाबद्दल. माझ्या बाबतीत ताण म्हणजे काही मोठं संकट नव्हतं कधी. अर्धवट राहिलेल्या छोट्या छोट्या गोष्टींचा ढीग असायचा. कुणाला तरी द्यायचं राहिलेलं उत्तर, उद्याची मीटिंग, कालच्या मीटिंगमध्ये जे बोलले ते बोलायला हवं होतं का, आईबाबांची तब्येत, आणि मध्येच फोन वाजला की त्यात आणखी दोन गोष्टींची भर. रात्री आडवं झालं की हे सगळं रांगेने हजर. सुट्टी काढून नुसतं पडून राहिलं तरी येतंच, उलट पडून राहिल्यावर जास्त येतं कारण डोक्याला दुसरं काही काम नसतं. विचार करू नकोस, शांत बस, असं सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो पण विचार न करणं ही काही करता येण्यासारखी गोष्टच नाही. दुसरं काहीतरी करणं मात्र जमतं. आणि ते दुसरं काहीतरी असं हवं की डोकं त्यात पुरतं गुंतलं पाहिजे पण शिणलं नाही पाहिजे. अशा गोष्टी जगात फार नाहीत.

आता श्वासाचं बघा. डायव्हिंग शिकताना पहिला नियम, अगदी पहिला, श्वास कधीही रोखून धरायचा नाही. यामागे अध्यात्म वगैरे काही नाही, सरळ भौतिकशास्त्र आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो, म्हणजे वर १, १० मीटरवर २, २० मीटरवर ३, असं. रेग्युलेटर आपल्याला आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो म्हणून तर तिथेही छाती फुलते. पण १० मीटरवर छाती भरून घेतली आणि तशीच बंद ठेवून वर आलं तर तीच हवा वर दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसात तेवढी जागा नसते. इजा होते, आणि त्यासाठी फार खोल असायला लागत नाही, दीडेक मीटर पाण्यातूनही होऊ शकते. म्हणून श्वास चालू ठेवायचा, काहीही झालं तरी, मास्कमध्ये पाणी शिरलं तरी, समोर अचानक मोठं काही आलं तरी.

आणि ताणात असलेला माणूस नेमकं काय करतो? श्वास अडवतो. स्वतःवर एक दिवस लक्ष ठेवून बघा. नको असलेल्या माणसाचा फोन आला, मेल उघडायची आहे पण त्यात काय असेल याची धाकधूक आहे, लिफ्टमध्ये साहेब भेटले, प्रत्येक वेळी छाती वरच्या वर थांबलेली असते. वर्षानुवर्षं अंगात मुरलेली ही सवय पाण्यात चालतच नाही. तिथे ती मोडावीच लागते, आणि मोडायला कोणी प्रवचन देत नाही, पाणीच ते काम करतं.

या रेग्युलेटरची गोष्ट मला फार आवडते. १९४३ साली, युद्ध चालू असताना, फ्रान्समध्ये नौदलातले अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्याँ यांनी तो तयार केला. पेट्रोलची टंचाई होती म्हणून गाड्या गॅसवर चालवायची धडपड चालली होती आणि गान्याँने त्यासाठी एक व्हॉल्व्ह बनवला होता, त्याच कल्पनेवर पुढे पाण्याखालचं उपकरण उभं राहिलं. त्याची खुबी अशी की हवा सतत सोडत बसायची नाही, माणसाने श्वास ओढला की तेव्हाच आणि तेवढीच द्यायची. म्हणजे यंत्र आपल्या मागे चालतं. आपण घाबरलो की तेही भराभर घरघरतं, आपण निवांत झालो की तेही लांब लांब सूर लावतं. आपली अवस्था आपल्याच कानांनी ऐकायची सोय जमिनीवर कुठे आहे?

आणि ही अवस्था फक्त ऐकू येत नाही तर आकड्यात दिसते. सिलिंडरला जोडलेला प्रेशर गेज हातात घेतला की कळतं. समजा १२ लिटरचं सिलिंडर २०० बारपर्यंत भरलंय (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाइतका दाब), म्हणजे ढोबळमानाने २४०० लिटर हवा झाली. त्यातले शेवटचे ५० बार राखीव ठेवायचे, ते सोडले तर हाताशी राहिले १८०० लिटर. निवांत माणूस वर मिनिटाला समजा १५ लिटर हवा वापरतो, तोच माणूस २० मीटरवर तिप्पट दाबामुळे ४५ लिटर वापरणार, म्हणजे त्याला ती ४० मिनिटं पुरणार. आणि शेजारचा धास्तावलेला माणूस दुप्पट वेगाने श्वास घेत असेल तर त्याचा डाइव्ह २० मिनिटांत संपला. दोघांची साधनं तीच, पाणी तेच. इतका रोखठोक हिशोब मला दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी सापडलेला नाही. ऑफिसात ताण घेऊन काम केलं तर कौतुक होतं, किती मनाला लावून घेते बघा. इथे ताण घेतला की हवा जाते, बास.

मात्र इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. हवा वाचवायची म्हणून काही जण श्वास घेऊन मुद्दाम थांबतात, मग थोडा सोडतात, परत थांबतात. हे करू नये. कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं ठणकायला लागतं आणि वर धाप लागल्याची भावना येते ती वेगळीच, म्हणजे ज्यासाठी पाण्यात उतरलो त्याच्या बरोबर उलट. हवा वाचते ती हालचाल कमी केल्याने आणि उच्छ्वास लांबवल्याने. आत घ्यायचा तो सावकाश, सोडायचा तो त्याहूनही सावकाश. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती थोडी खाली येते, व्हेगस नावाची जी नस मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत जाते तिचं हे काम, आणि प्राणायाम करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. शिवाय गार पाणी चेहऱ्याला लागलं की शरीर आपणहून नाडी मंद करतं, सील आणि डॉल्फिनमध्ये हे फार ठळक असतं पण माणसातही थोडं शिल्लक आहे. आणि पाण्यात नुसतं बुडल्यानेसुद्धा हातापायांतलं बरंच रक्त छातीकडे सरकतं. मन ठरवायच्या आधीच शरीराने निम्मं काम करून टाकलेलं असतं.

यावर अभ्यासही झालेत. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक छोटा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुट्टीवर डायव्हिंग करणारे लोक आणि सुट्टीवर दुसरे खेळ खेळणारे लोक यांची तुलना होती आणि डायव्हिंगवाल्यांच्या ताणात जास्त घट दिसली. छोटा अभ्यास आहे, त्यावरून फार उड्या मारू नयेत. पण सुट्टी दोघांनाही होती, व्यायाम दोघांनाही होता, मग फरक कशाने पडला असेल हा प्रश्न मला रास्त वाटतो आणि माझ्यापुरतं उत्तर श्वास हेच आहे.

मला स्वतःला खरी गोडी लागली ती मात्र तरंगण्याची. मराठीत आपण तरंगणं म्हणतो ते पाण्याच्या वर असतं, इथे मी म्हणतेय ते मध्येच, वरही नाही तळालाही नाही. कमरेला वजनं असतात, अंगात हवा भरायचं-सोडायचं जॅकेट असतं ज्याला बीसीडी म्हणतात, आणि या दोन्हींचं गणित जमलं की शरीराचं वजन संपतं. सुरुवातीला सगळे जॅकेटच्या बटणांशी झटापट करतात, थोडी हवा भरली की वर निघाले, घाबरून सोडली की खाली आदळले. मग एके दिवशी इन्स्ट्रक्टर खुणेने सांगतो की बटणाला हात लावायचा नाही, फक्त श्वास. आणि तेव्हा लक्षात येतं की फुप्फुसं हेच सगळ्यात चांगलं जॅकेट आहे, श्वास आत घेतला की शरीर हळूच वर सरकतं, सोडला की हळूच खाली, आणि मधल्या श्वासावर जिथल्या तिथे थांबतं. पण यात गंमत अशी की परिणाम लगेच होत नाही. श्वास घेतल्यावर एक-दोन सेकंद काहीच घडत नाही आणि मग शरीर उचललं जातं. ज्याला धीर नाही तो त्या दोन सेकंदात आणखी श्वास ओढतो आणि नको तितका वर जातो. ज्याने थांबून वाट बघितली त्याचं काम होतं. एक गोष्ट करायची आणि तिचा परिणाम येईपर्यंत दुसरं काहीही करायचं नाही हे मी इतर कुठे शिकले असते असं मला वाटत नाही, कारण इतरत्र सगळं उलट चालतं, मेसेज पाठवला की दोन मिनिटांत उत्तर का नाही म्हणून दुसरा मेसेज.

ते जमलं की जे वाटतं ते शब्दांत पकडायला कठीण आहे तरी प्रयत्न करते. पाठीवरचं सिलिंडर जाणवत नाही. मानेवर, खांद्यांवर, कमरेवर दिवसभर जो भार असतो आणि ज्याची इतकी सवय झालेली असते की तो भार आहे हेच कळत नाही, तो नसल्यावर कळतो. हात पोटाशी घडी करून ठेवायचे, पाय गुडघ्यात जरासे वाकवलेले, आणि फिन्सची, म्हणजे पायात घातलेल्या रबरी परांची, एक सावकाश लाथ मारली की शरीर पुढे जात राहतं. काहीच ढकलावं लागत नाही.

आणि बोलणं बंद. हे सांगायचं राहिलंच. तोंडात रेग्युलेटर असल्यामुळे बोलता येत नाही आणि फोन तर वरच राहिलेला असतो. जगाशी बोलायला हाताच्या मोजक्या खुणा. अंगठा आणि तर्जनीचा गोल म्हणजे सगळं ठीक आहे. अंगठा वर म्हणजे छान असं नाही, वर जाऊया असा त्याचा अर्थ, नव्या माणसाचा इथे हमखास घोटाळा होतो. सपाट तळहात डावी-उजवीकडे हलवला की काहीतरी बिघडलंय, मग त्या गोष्टीकडे बोट करायचं, कानाकडे, मास्ककडे. थांब. तिकडे बघ. हवा किती उरलीय. साधारण एवढाच शब्दसंग्रह आणि गंमत म्हणजे तो पुरतो. मला काय वाटतंय, तुला काय वाटलं असेल, मी असं म्हणाले तर तू काय समजशील, या कशाचीच खूण नाही. बडी, म्हणजे जोडीने उतरलेला सोबती, मात्र सतत नजरेच्या टप्प्यात हवा, कारण तुमची हवा संपली तर तुम्ही त्याच्या जादा रेग्युलेटरमधून श्वास घेणार आणि त्याची संपली तर तो तुमच्या. दर थोड्या वेळाने तो तुमच्याकडे वळून गोल करतो, ठीक आहेस ना, तुम्ही गोल करून उत्तर देता, आहे. दिवसभरात आपल्याला हा प्रश्न इतक्या गंभीरपणे आणि उत्तर खरोखर हवं म्हणून किती जण विचारतात?

आता दृश्याकडे येते. मास्कमुळे पाण्यात सगळं साधारण एक तृतीयांश मोठं आणि एक चतुर्थांश जवळ दिसतं, म्हणून हात लांब केला की वस्तू अजून पुढेच असते. रंगही जातात. पहिल्या काही मीटरमध्येच लाल फिका पडतो, मग नारिंगी, मग पिवळा, खाली सगळं निळं-हिरवं, आणि तिथे टॉर्च मारला की जो दगड राखाडी वाटत होता तो एकदम लालभडक निघतो. प्रवाळांच्या वसाहती समुद्रतळाच्या १ टक्क्याहूनही कमी जागेत आहेत आणि तरी सागरी प्रजातींपैकी सुमारे पाव प्रजाती त्यांच्या आधाराने जगतात, त्यामुळे एका जागी थांबलं तरी बघण्यासारखं संपत नाही. आणि माझा आग्रहच आहे की थांबावं. अर्धा किलोमीटर पोहून यादी पुरी करणारे डायव्हर्स मी बघितलेत, हा मासा झाला, ते कासव झालं, वर आल्यावर त्यांचे चेहरे तसेच असतात जसे खाली जाताना होते. त्याऐवजी एखादं क्लीनिंग स्टेशन शोधा. म्हणजे प्रवाळाचा असा एक कोपरा असतो जिथे बोटभर लांबीचे निळ्या पट्ट्याचे क्लीनर रास मासे राहतात, आणि मोठे मासे तिथे येऊन रांग लावल्यासारखे थांबतात, तोंड उघडतात, कल्ले उघडतात आणि तो चिमुकला मासा त्यांच्या तोंडात शिरून परजीवी किडे खाऊन बाहेर येतो. जो मासा त्याला एका घासात गिळू शकला असता तो डोळे रोखून निश्चल उभा असतो. दहा मिनिटं हे बघत राहिलं आणि आपला श्वास मंद असला तर मासे आपल्याला मोजतच नाहीत, अगदी हातभर अंतरावर त्यांचा व्यवहार चालू राहतो. जोरात बुडबुडे सोडणाऱ्या, हात हलवणाऱ्या माणसापासून ते लांब जातात. त्यामुळे जितके शांत तितकं जास्त दिसतं, हे बक्षीस लगेच मिळतं आणि म्हणून मन परत परत तिकडे वळतं. प्रवाळाला हात मात्र लावायचा नाही, फिन्सही नाही. तो दगड दिसत असला तरी जिवंत प्राण्यांची वसाहत असते आणि अनेक जाती वर्षाला जेमतेम सेंटीमीटरच्या हिशोबात वाढतात.

डायव्हिंगच्या जगातला एक रिवाज मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. कोणीही, कधीही, कुठल्याही कारणाने डाइव्ह रद्द करू शकतं. बोटीवर सगळं अंगावर चढवून झालंय, उडी मारायची वेळ आली आणि वाटलं आज नको, तर नाही म्हणायचं. पाण्याखाली गेल्यावर वाटलं तरी अंगठा वर करायचा आणि सगळे वर निघणार. का म्हणून विचारायचं नाही, चिडवायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. चांगल्या ग्रुपमध्ये हे काटेकोर पाळलं जातं. आयुष्यात इतक्या ठिकाणी आपण नाही म्हणायला कारणांची फाईल घेऊन जातो की कारण न देता म्हणता येणारं ‘नाही’ पहिल्यांदा पचतच नाही. माझ्या मते ताण उतरायला सुरुवात इथून होते, पाण्यात पाय टाकायच्याही आधी.

वर येण्याचंही शास्त्र आहे. खाली दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळत राहतो, आणि घाईने वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात, सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. जॉन स्कॉट हाल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर यायची कोष्टकं १९०८ साली मांडली, आजच्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचं गणित त्याच वाटेने पुढे आलेलं आहे. आता साधारण मिनिटाला ९ मीटरहून वेगाने वर यायचं नाही असं शिकवतात आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं, त्याला सेफ्टी स्टॉप म्हणतात. वर बोट दिसतेय, लाटा दिसताहेत, लोकांचे पाय दिसताहेत, आणि तरी थांबायचं. घाई करून चालणारच नाही अशी ही तीन मिनिटं मला पूर्ण डाइव्हइतकीच आवडतात. त्यानंतर विमानाचंही तसंच, एक डाइव्ह केला असेल तर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. म्हणजे शेवटचा दिवस सक्तीने रिकामा. कितीही महत्त्वाचं काम असो, नायट्रोजनला त्याच्याशी देणंघेणं नाही.

खोलीच्या मागे लागणाऱ्यांशी माझं जमत नाही. ताण घालवायला ८ ते १५ मीटर पुरे आहेत. तिथे उजेड जास्त, रंग जास्त, जीव जास्त आणि हवाही जास्त वेळ पुरते. ३० मीटरच्या आसपास आणि त्याखाली नायट्रोजनची गुंगी चढायला लागते, काहींना भीती वाटते तर काहींना फार छान, बिनधास्त वाटतं. ते छान वाटणं हे मनाला आलेली शांती नसते, नशा असते, निर्णय चुकतात, गेज बघायचं सुचत नाही. थोडं वर आलं की उतरते. ज्याला विसरायचंय त्याला हा मोह होऊ शकतो म्हणून मुद्दाम लिहितेय.

आणि डायव्हिंग हे औषध नाही. खूप उदास असाल, पॅनिक अटॅक येत असतील, झोप पार उडाली असेल तर आधी डॉक्टरकडे जा, समुद्र कुठे जात नाही. पाण्याखाली पॅनिक होणं हा गमतीचा विषय नाही, त्यात माणूस रेग्युलेटर तोंडातून काढून फेकतो आणि सरळ वर धावतो, म्हणजे श्वास अडवणं आणि घाईने वर येणं या दोन्ही नको त्या गोष्टी एकदम करतो. म्हणून तर शिकवताना घोकून घेतात की थांब, श्वास घे, विचार कर, मगच काही कर. दमा, हृदयाचे आजार, फिट्स, कानाची ऑपरेशन्स, काही मानसिक आजारांवरची औषधं, गरोदरपण, या सगळ्याबद्दल कोर्सच्या आधी फॉर्ममध्ये विचारतात, तिथे खरं लिहा. नुसती सर्दी असली तरी उतरू नका, कानातला दाब बरोबर करता येत नाही आणि पडद्याला इजा होते. रात्रभर जागून, भांडून, डोकं तापलेलं असताना पण उतरू नका. ताण घालवायला जातोय म्हणून ताणाच्या शिखरावर असतानाच जायचं हे चुकीचं आहे, तेव्हा किनाऱ्यावर बसावं, पाण्यात दुसऱ्या दिवशी जावं.

डाइव्हनंतर थकवा येतो, चांगलाच येतो. पाणी हवेपेक्षा अंगातली उष्णता कितीतरी पटीने लवकर ओढून घेतं, शिवाय रक्त छातीकडे सरकल्यामुळे मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालंय आणि लघवी वाढते, त्यामुळे बाहेर आल्यावर भरपूर पाणी प्यायला हवं. पण हा थकवा ऑफिसातून आणलेल्या थकव्यासारखा नसतो. तिकडे शरीर बसून असतं आणि डोकं दमतं, मग झोप येत नाही. इथे शरीर दमतं आणि डोकं मोकळं, झोप अशी लागते की कूस बदललेली आठवत नाही. हा परिणाम किती टिकतो? माझ्या अनुभवात काही दिवस. त्यानंतर तो अर्धवट गोष्टींचा ढीग परत जमतोच, तो कमी झालेला नसतो. पण एक गोष्ट मात्र माझ्यात कायमची बदललीय, श्वास अडकला की आता मला ते लगेच कळतं, मीटिंगमध्येसुद्धा, आणि कळलं की तो सोडता येतो.

शिकायचं असेल तर पोहण्यात पटाईत असायलाच हवं असं नाही, पण सर्टिफिकेट कोर्ससाठी बहुतेक ठिकाणी २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगत राहणं एवढं करून दाखवावं लागतं, आणि पहिल्या पातळीच्या सर्टिफिकेटवर १८ मीटरपर्यंत जाता येतं. फक्त अनुभव घेऊन बघायचा असेल तर इन्स्ट्रक्टरच्या सोबतीने उथळ पाण्यात नेतात, तिथे तोच सगळं सांभाळतो, पण घाईघाईत पाच वाक्यं सांगून पाण्यात ढकलणाऱ्यांकडे जाऊ नका. आधी उथळ पाण्यात उभं राहून श्वासाचा सराव करू देतात का, एका इन्स्ट्रक्टरबरोबर किती जण असतात, हे विचारा. विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याबरोबर खाली जायचं नाही.

आणि ज्यांना खर्चामुळे किंवा तब्येतीमुळे हे शक्य नाही त्यांच्यासाठी स्नॉर्केल आहे. मास्क, नळी आणि फिन्स. पाण्यावर पालथं पडून चेहरा आत ठेवायचा आणि नळीतून सावकाश श्वास घेत राहायचं, गार पाण्याने मंद होणारी नाडी, श्वासाचा कानात येणारा आवाज, वजन नसल्याची भावना, यातलं बरंचसं तिथेही मिळतं आणि नायट्रोजनची भानगड नाही. त्यालाही आधी डॉक्टरांना विचारावं हे खरंच, आणि एकट्याने जाऊ नये. स्नॉर्केल करताना दम धरून खाली बुडी मारायची असेल तर त्याआधी भराभर मोठे श्वास घेऊन छाती भरून घ्यायची नाही, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यायची ओढ उशिरा लागते आणि माणूस काही कळायच्या आत पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो, उत्तम पोहणाऱ्यांच्या बाबतीतही हे झालंय. दोघं असाल तर एकाने बुडी मारायची आणि दुसऱ्याने वरून बघत राहायचं, आणि तो वर आल्यावर त्याचा श्वास नीट लागेपर्यंत नजर हटवायची नाही.